यादीतली मेंढी

ती. आई,

इथून वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. थंडी आहे, पण तू विणलेला स्वेटर आहे.

त्याच स्वेटरने परवा घोटाळा केला. तुला सांगितलं होतं ना, पेशीतली प्रथिनं एकमेकांना धरून कामं करतात. कोण कुणाला धरून आहे ते आम्ही शोधतो. आधी ते धरलेले हात रसायनाने तसेच चिकटवायचे, मग तुकडे करून मशीनमध्ये एकेकाचं वजन करायचं. वजनावरून तुकडा कुणाचा ते कळतं, त्याची यादी निघते.

परवा सर यादी बघून म्हणाले, "यात मेंढी कुठून आली?" लोकरीचं प्रथिन! घाईत मी प्रयोगशाळेच्या कोटाखाली स्वेटर तसाच ठेवला होता, त्याचे तंतू नमुन्यात पडले. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली, बोलणी खाल्ली ती वेगळीच. आता स्वेटर बाहेर खुंटीवर असतो. काळजी करू नकोस, आत फारसं गार नसतं.

डाव्या बाहीत दोन टाके सुटलेत. तुझ्या हातून टाका कधी सुटत नाही. डोळे दाखवलेस का? "बघू, बघू" करू नकोस, दादाला घेऊन जा.

यादीत माणसाच्या केसाचंही प्रथिन होतं. सर म्हणाले, "हा तुझा." मी मान डोलावली. काल कॉलरच्या विणीत अडकलेला एक लांब, पांढरा केस दिसला. मशीनला तुझा-माझा केस वेगळा ओळखता येत नाही. मला आला.

तो मी काढलेला नाही.

तुझी,
धाकटी