इथं धूळ राहिली

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

गाडी आली. उसाच्या ट्रॉलीतून! बावड्याहून माळेगावला माझ्या शेडपर्यंत, वर ताडपत्री आणि चारी बाजूंनी पाचट कोंबलेलं. रस्त्यानं बघणाऱ्यांना वाटलं असेल, हिंदुराव आबांचा ऊस चाललाय.

डॅटसन. जपानची, पन्नास वर्षांपूर्वीची. दोनच माणसं बसतात. लांब नाक, आखूड शेपूट, बुटकी. आबांनी तरुणपणी मुंबईला कुठल्याशा वकिलातीच्या लिलावात घेतली होती. बावड्यात तिला ‘चपटी’ म्हणायचे. पत्रा आणि रंग माझ्याकडं, इंजिनाचं काम मानसिंग मिस्त्री करणार आहे. त्यानं भोवतीनं एक चक्कर मारली नि म्हणाला, “समाधानराव, चपटी आलीय म्हणून निरोप आला. मी आपला ग्लास घेऊन आलो!”

सगळे हसले. मीही तोंड हसल्यासारखं केलं.

आबांचा नातू ऋषिराज पुण्याला नोकरीला असतो. म्हणाला, “काका, ओरिजिनल पाहिजे. कंपनीतनं निघाली तशी. आपल्या मनाचं काही घालायचं नाही.” आबांची नजर काचबिंदूनं गेलीय. आता ते हात फिरवून ओळखतात — माणसं, म्हशी, घराचं दार. “आबांनी हात फिरवायचा आणि माझीच गाडी म्हणायचं. बाकी कुणाचं सर्टिफिकेट मला नको.”

मी हो म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

१७ जानेवारी

डेंटर डोळ्यानं काम करतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. डोळे मिटायचे आणि तळहात पत्र्यावरून फिरवायचा. कुठं पोचा आहे, कुठं फुगलंय, ते पत्रा स्वतःच सांगतो.

ज्योत्स्ना गेल्यापासून पत्रा माझ्याशी बोलत नाही.

मागच्या वर्षावासात, श्रावणात गेली ती. तापाचं निमित्त. तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नाही. जेवण जेवणासारखं लागत नाही, झोप झोपेसारखी नाही. मग हातानंच काय गुन्हा केलाय? त्यालाही वाटत नसेल. उजवा तळहात म्हणजे जणू दुसऱ्याचा हातमोजा घातलाय.

दिवाळीनंतर केलेल्या दोन गाड्या परत आल्या. उन्हात उभ्या केल्या की दारांवर लाटा दिसतात म्हणे. असं पूर्वी होत नव्हतं. त्यातली जीप ज्याची, तो ऊसतोडीचा मुकादम म्हणाला, “वहिनी गेल्यापासनं तुमचं लक्ष न्हाय कामात.” खरं असेल.

हे कुणाला सांगितलेलं नाही. लेकीला, करुणालाही नाही. ती कळसच्या शाळेवर जाते, संध्याकाळी दमून येते. तिच्यापुढं आणखी काय ठेवायचं?

२ फेब्रुवारी, रविवार

रंग उतरवतोय. वर पांढरा. त्याच्याखाली निळा. त्याच्याखाली कुणीतरी हातानं फासलेला मेंदी रंग. डॅशबोर्ड काढला, तर आतल्या कोपऱ्यात मूळचा सापडला — केशरी. ऊन न लागलेला, जसाच्या तसा. ऋषिराजला फोटो पाठवला. त्यानं फोनवरच आरोळी ठोकली.

विहारात सांगतात, सगळं बदलत असतं, धरून ठेवू नका. आणि इथं मी मूळचं शोधत बसलोय! मूळचं कशाला म्हणायचं? मला ज्योत्स्ना आठवते ती शेवटच्या आठवड्यातली, दवाखान्यातली. करुणा म्हणते, तिला आई भाकरी थापतानाच दिसते. दोघींतली मूळची कोणती?

रंग खरवडता खरवडता हे डोक्यात येतं आणि जातं. राहत काहीच नाही.

९ फेब्रुवारी

आबांचा फोन. आवाज अजून खणखणीत.

“समाधान, त्या गाडीला कुशीवरनं एक कड हाय बग. म्होरल्या दिव्यापासनं निघती ती पार शेपटापतुर जाती. मदी कुटं तुटत न्हाय. बैलाच्या पाटीवरच्या कण्यावानी. घावली का?”

म्हटलं, “नाही आबा. कुणीतरी पुट्टी-लांबी भरून बुजवलीय.”

“त्यो अकलूजचा पेंटर! म्हशीनं शिंग घासलं व्हतं, तर त्यानं समदी कूसच लिपून काढली. चुलीवानी! ती कड उकर बाबा. ती न्हाय तर गाडी न्हाय.”

म्हणजे सगळं काम त्या कडेवर आलं. आणि कड डोळ्यानं होत नाही. हातानंच होते.

२३ फेब्रुवारी

लांबी उतरली. खालचा पत्रा तीन ठिकाणी सडलेला. कापला, नवा तुकडा घडवून जोडला. डावी बाजू आकाराला आली. उजवी अजून नाही.

मानसिंगचं वेगळंच चाललंय. नट-बोल्टसुद्धा जपानहून मागवलेत. तो प्रत्येक नटाला आधी वाकून नमस्कार करतो. “परदेशी पावणा हाय, समाधानराव. मान दिला की बसतो नीट!”

१४ मार्च, धुळवड

शेड बंद. बाहेर पोरं रंग खेळतायत. चपटी आत राखाडी प्रायमरमध्ये उभी. मी तिच्याजवळ बसून राहिलो.

१६ मार्च

प्रायमर घासून झाला. गाडी पुसायला चिंध्या शोधत होतो. फळीवर ज्योत्स्नानं बांधून ठेवलेलं गाठोडं निघालं — तिच्या जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे. किनारी काढून, नीट फाडून, घड्या घातलेले. रंगाआधी पुसायला तिचंच कापड लागायचं. नव्या कापडाचे धागे सुटतात, म्हणायची.

गाठ सोडली नाही. बाजारातून कापड आणलं.

दुपारी ती चहा घेऊन शेडमध्ये यायची. कप माझ्या हातात द्यायची आणि गाडीभोवती एक फेरी मारायची. पदराचं टोक पत्र्यावर धरून त्यावरून हात फिरवत, गोठ्यातल्या गाईला कुरवाळावं तशी. मग कुठंतरी थांबायची.

“अहो, इथं धूळ राहिली.”

मी चिडायचो. “सकाळपासून पुसतोय! धूळ कुठली आणतेस?”

“राहिलीय. बघा ना जरा.” आणि बोटानं प्रायमरवर एक गोल काढून, रिकामा कप घेऊन निघून जायची. गोल काढला की तो घासून काढणं आलंच! मग पुन्हा पाणी, पुन्हा वॉटर पेपर. मी मनात म्हणायचो, बाईमाणसाला धुळीशिवाय दुसरं दिसतच नाही.

आता कोणी गोल काढत नाही. काम लवकर आटपतं.

३० मार्च, पाडवा

इंजिन चालू झालं. आधी खोकलं, मग धूर, मग एकदम सूर लागला. मानसिंग तिथंच खाली बसला आणि रडायला लागला. “पन्नास वर्सांची म्हातारी, पर आवाज बघा की!”

मी त्याला पाणी आणून दिलं. आवाज चांगला होता.

१४ एप्रिल, जयंती

पांढरे कपडे घातले. विहारात त्रिशरण, पंचशील. मेणबत्ती उजव्या हातात होती. करुणा एकदम ओरडली, “पप्पा, हात!” बघितलं तर मेण बोटांवर सांडून थिजलं होतं. खालची कातडी लाल झालेली.

“गरम नव्हतं,” मी म्हणालो.

तिनं मेण खरवडून काढलं. माझ्याकडं बघत राहिली. नंतर मिरवणुकीत माझ्या शेजारून हलली नाही.

अक्षरही बिघडलंय. पेन दोनदा पडलं आत्ता.

१९ एप्रिल

ऊस संपला, पाचट जाळणंही थांबलंय. हवेत काजळी नाही. आज केशरी मारला. स्प्रेची गन डाव्या हातात धरून मारला. उजव्यात ठरत नव्हती. मानसिंग बघायला आला. “च्यायला, समाधानराव! फळाची साल सोलून लावल्यागत दिसतीय.”

कड दिसते आहे. दोन्ही बाजूंना. मला तरी दिसते.

२६ एप्रिल, शनिवार

आबा आले. ऋषिराजनं हात धरून उतरवलं. पांढरं धोतर, काळी टोपी, काळा चष्मा. वय नव्वदीकडं, पण पाठ ताठ. शेडमध्ये शिरल्या शिरल्या म्हणाले, “रंगाचा वास हाय. कंचा मारला?”

“केशरी, आबा. मूळचा.”

“मग मला काय त्याचं! मला समदं काळंच.” आणि स्वतःच हसले.

डाव्या बाजूनं सुरुवात केली. दिव्याच्या खोबणीत बोट घातलं, कड धरली आणि तिच्यावरून हात सोडला. पावलं हाताबरोबर. दार, खिडकीखालची जागा, मागचं चाक, शेपूट. चेहरा हळूहळू बदलत गेला. “व्हय... व्हय... ही बग आली. ही आली.” ऋषिराजनं मला खूण केली — झालं!

मागून वळसा घालून उजव्या बाजूला आले. मागच्या चाकाच्या वर हात थांबला. पुढं गेला, परत मागं आला.

“हितं लाट हाय.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “धूळ असेल, आबा.”

“धूळ हाताला लागती रं. लाट हाताला न्हेती.” त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा तळहात तिथं टेकवला. “बग.”

मी फिरवला. काही नाही. सपाट.

“सपाट आहे,” म्हणालो.

“दुसरा दे.”

डावा हात ठेवला. होती. जेमतेम, पण होती. कड तिथं बोटभर खाली बसून पुन्हा वर येत होती.

आबांनी माझा उजवा हात सोडलाच नव्हता. ते तो दोन्ही हातांनी चाचपायला लागले, बी-बियाणं चाचपावं तसा. अंगठ्याखाली दाबलं. “आरं! हितला गोळाच न्हाय की! सुकलाय पार.” मग हलक्या आवाजात म्हणाले, “समाधान, ह्यो हात माझ्या डोळ्यागत गेलाय. घरात म्हाईत हाय?”

मी हात ओढून घ्यायला बघितलं.

“मी बी दोन साल लपवलं. ह्याच्या आजीला सुदीक सांगितलं न्हाय. शेवटी म्हशीला धडकलो, तवा गावाला कळलं! तू कुटल्या म्हशीची वाट बगतो?”

ऋषिराज मध्ये पडला. “राहू द्या आबा, एवढी लाट कुणाला कळणार? काका, मस्त झालंय.”

“मला कळली न्हवं? गाडी माझीच हाय. पर हितं येवढी दुसऱ्याची हाय. कर, समाधान. आदी हात दाकव, मग कर.”

ते गेल्यावर ऊन उतरेपर्यंत बसून होतो. लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

२९ एप्रिल

करुणाला सांगितलं. तिनं रजा टाकली आणि बारामतीला दवाखान्यात नेलं. सुया टोचल्या, तारा लावल्या, विजेचे झटके दिले. मनगटात नस दबलीय. इतकी वर्षं सँडर मशीन धरल्यानं होतं म्हणे. छोटं ऑपरेशन करावं लागेल. थोडं परत येईल, सगळं येणार नाही.

डॉक्टर तरुण आहेत. विचारलं, “कधीपासून कळत नाही हाताला?”

“मंडळी गेली तेव्हापासून. मागच्या श्रावणापासून.”

त्यांनी अंगठ्याखालचा खड्डा दाबला. मान हलवली. “काही महिन्यांत मांस इतकं सुकत नाही, काका. पाच-सहा वर्षं तरी झाली असतील. जास्तच. हळूहळू जातं, म्हणून माणसाला कळत नाही. पण तुमचं काम तर हातावरचं! ते कसं चालत होतं?”

“चालत होतं,” म्हणालो.

४ मे

मागच्या चाकावरचा रंग पुन्हा उतरवला. डाव्या हातानं करतोय. डावा अडाणी आहे. उजव्याला जे आयुष्यभर शिकवलं, ते ह्याला काहीच माहीत नाही. नुसता हात घसरत होता. मग आठवलं, हाताखाली पातळ कापड धरलं की पत्र्याचा चढउतार जास्त कळतो. बाजारातलं कापड जाड पडलं.

गाठोड्याची गाठ सोडली. हिरव्या लुगड्याचा तुकडा घेतला. धुऊन धुऊन साईसारखा झालेला. तो पत्र्यावर ठेवला, वर डावा हात. डोळे मिटले.

लाट सापडली. कुठं सुरू होते, कुठं संपते, सगळं.

१० मे, शनिवार

आबा येऊन गेले. या वेळी उजव्या बाजूनंच सुरुवात केली. त्या जागेवर हात थांबला नाही. सरळ पुढं गेला. दिव्यापाशी पोचल्यावर टोपी काढली, पुन्हा घातली. दार उघडून आत बसले, स्टेअरिंग धरलं. ऋषिराज आणि मी बाहेर उभे.

“माझीच हाय,” म्हणाले.

मानसिंगनं हॉर्न वाजवून दाखवला, तर आबा दचकले आणि त्याला इरसाल शिवी घातली. गाडी उतरत्या उन्हात बावड्याला गेली. या वेळी ट्रॉलीत नाही, आपल्या चाकांवर.

करुणानं विचारलं, “बरं वाटलं का पप्पा?”

“हो,” म्हणालो. अजून कळत नाही.

१२ मे, बुद्ध पौर्णिमा

विहारात जायच्या आधी शेडमध्ये डोकावलो. मुकादमाची परत आलेली जीप प्रायमर मारून उभी आहे. हिरवा तुकडा घेतला आणि सहज डाव्या हातानं दारावर फिरवला. एका जागी हात खाली गेला. विसरू नये म्हणून बोटानं तिथं गोल काढला.

गोलाकडं बघत राहिलो.

धूळ नव्हती ती. एकदाही नव्हती. पदराच्या टोकाखालून तिला सगळं कळत होतं — पत्र्याचंही, माझ्या हाताचंही.

डोळ्याला हात लावला. उजव्या हाताला काही कळलं नाही. डाव्याला ओलं लागलं.