ओल्या कॅनव्हासवरचा फोटो

आप्पा, सकाळपासून तीनदा त्या खोलीत गेलो आणि तीनदा दार ओढून बाहेर आलो. टेबलावर बारा बाय सोळाचा कॅनव्हास पडलाय. कोरा होता तेव्हा त्याचे चारही कोपरे गुण्या लावून तपासले होते. पांढऱ्या अस्तराचे दोन हात दिले, मध्ये पॉलिश पेपर फिरवला. कडेनं हातानं कातरलेली कागदी फुलं, आक्काच्या लग्नपत्रिकेचा तुकडा, तुम्ही बाशिंगाला लावायचात तसली सोनेरी पट्टी. सगळं मापात. बिघडलाय तो मधला फोटो. दौंडच्या स्टुडिओतला, तुम्ही खुर्चीत आणि आई शेजारी उभी. आईचा तेवढा एकच फोटो होता.

आक्काच्या धाकटीचं लग्न ठरलंय, तिच्या रुखवतात ठेवायला हा कॅनव्हास. गेल्या रविवारी दौंडला गेलो तर आक्कानं पेटीतून, खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला फोटो काढला. "रंगीत झेरॉक्स काढ, काय बी कर. पन ह्यो मूळचा मला माघारी दे." मी म्हटलं, "अगं, नकलेत जीव नसतो. मी काय आज करतोय का हे काम?" "तू लई शाना हायेस, म्हाईत हाय मला. तुला कुनी सांगितल्यालं कवा आवडलंय?" भाची हसली, मीही हसलो, आणि फोटो पाकिटात घातला. साधा मोबाईलवरही टिपून घेतला नाही. मूळ हातात असताना नक्कल कशाला?

लग्नसराईत आपलं स्वयंपाकघर तुमचंच असायचं. आई चुलीवर खळ शिजवतेय, तुम्ही पाटावर बसून बाशिंगाचे कागद कातरताय. "पोरांच्या तोंडची कणीक कागदाला चारा," आई पुटपुटते. तुम्ही मान वर न करता म्हणता, "नवरदेवाच्या कपाळावर बसायचंय त्याला. उपाशी कसा बसंल?" एकदा कागद सपाट बसावा म्हणून मी ओल्या बाशिंगावर पाट उपडा घातला. तुम्ही पाट उचललात तर सोनेरी कागद त्याला चिकटून आला. मारलं नाहीत. "वलं काम झाकू न्हाई," एवढंच म्हणालात, आणि बाशिंग पहिल्यापासून करायला लावलंत. मी ते रागानं केलं. पुढं कोरेगाव भीमाकडच्या कारखान्यात क्वालिटीला लागलो, अर्धा मिलीमीटर फरकावर माल परत पाठवायला शिकलो, आणि सुट्टीच्या दिवशी हे कॅनव्हास करू लागलो. शिरूरमध्ये कुणी विचारलं की सांगतो, मला कुणी शिकवलं नाही, नासवून नासवून शिकलो.

परवा फोटो चिकटवला आणि कॅनव्हास मधोमध सैल पडला. कोरा कॅनव्हास सैल पडला तर मागून पाणी फवारायचं, वाळताना तो ताणून बसतो. शंभरदा केलंय. पण तेव्हा वर काही चिकटवलेलं नसतं, हे मला फवारल्यावर सुचलं. फोटोच्या कडा उचलल्या. मग खाली पुठ्ठा दिला, वर प्लॅस्टिक, त्यावर दोन जाड पुस्तकं. आज सकाळी प्लॅस्टिक सोललं आणि आई त्याच्याबरोबर निघून आली. कपाळ, डोळे, नथ. तुम्ही खुर्चीत जसेच्या तसे, मिशीचा केस हललेला नाही. तुमच्या शेजारी नुसतं लुगडं उभं आहे.

दुपारी आक्काचा फोन आला. "झालं का रं? पोरगी इचारतीय, आजी कवा येनार." मी म्हणालो, "वाळतंय." "वाळू दे निवांत. आन् म्या काय म्हंते, रुखवतात नगं ठिवायला. मांडवात, बोहल्याशेजारी ठिवू. आईला समदं दिसंल." मी "बरं" म्हणालो.

तेव्हापासून घरात फेऱ्या मारतोय. पँट घातली, काढली, पुन्हा घातली. डेपोत जाऊन गाडी धरली तर दिवस मावळायच्या आत तिच्या दारात पोचेन. त्याऐवजी हे लिहीत बसलो. हे कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, मला कळतं. खरं सांगू, आप्पा? यातलं अक्षर न् अक्षर आक्काला सांगायचं होतं. तुम्ही रडणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.