वजा केलेलं झाड

६ ऑक्टोबर, सोमवार
एर्लांगेनहून दोन रिजनल ट्रेन आणि एक बस बदलून दुपारी फिख्टेल डोंगरातल्या या गावी पोचलो. खोली उबदार, खिडकीबाहेर जंगल. बऱ्याच महिन्यांनी बरं वाटलं.

काम जरा हास्यास्पद आहे. इथल्या युगेंडहेअरबेर्गमागे, म्हणजे सहलीच्या मुलांच्या वसतिगृहामागे, बेचाळीस सेंटिमीटर लांबीचे अनवाणी ठसे सापडले. गाव वनमानवाच्या गोष्टी करतंय आणि मागची पायवाट बंद आहे. मी थर्मल कॅमेरे लावायचे, पाच दिवस पाहायचं, काही नसेल तर तसं लिहून सही करायची. मग वाट उघडेल.

पुढच्या सोमवारी माझ्या मुलीचा, शमिकाचा सातवीचा वर्ग इथेच सहलीला येणार आहे. हे मी काम देणाऱ्या गेमाइंडच्या, म्हणजे गावपालिकेच्या, कार्यालयाला आधीच कळवलंय. तिच्यासाठी माझी सही सैल होऊ नये. शमिकाने फोनवर जर्मनमध्येच बजावलं की वाट बंद राहिली तर ती माझ्याशी बोलणार नाही. मागून माझी बायको स्वरूपा म्हणाली, "पेशंटचे ताप मोजून झाले, आता भुतांचे मोज."

७ ऑक्टोबर
लिंडनर नावाच्या निवृत्त वनरक्षकासोबत चार कॅमेरे बसवले. तीन नंबरचा वसतिगृहामागे. इस्पितळातल्या थर्मल चित्रांवरची माझी वीस वर्षांची पद्धत: आधी रिकाम्या जागेचं एक संदर्भचित्र घ्यायचं, मग प्रत्येक चित्रातून ते वजा करायचं. स्थिर ते सगळं नाहीसं होतं, हललेलंच दिसतं. हजारो चित्रं डोळ्यांनी चाळायला नकोत.

लिंडनरने ठसे दाखवले. टाचा फार खोल. म्हणाला, "हे चालतं कमी, उभं जास्त राहतं." मी हसलो. तो नाही हसला.

९ ऑक्टोबर
हरणं, एक कोल्हा, वसतिगृहाचा स्वयंपाकी सिगारेट ओढताना. तीन नंबरवर कालपासून एक उभा काळा पट्टा. भिंगावर बाष्प असावं. पुसलं, तरी तसाच. नवं संदर्भचित्र घेतलं, पट्टा गेला.

पट्टा कशाचा हे शोधायला हवं होतं. डोळे चुरचुरत होते, उद्या बघू म्हटलं.

११ ऑक्टोबर
पट्ट्याचं पाहिलं नाही. सही केली. लिहिलं: 'मोठ्या उष्णरक्ताच्या प्राण्याची हालचाल आढळली नाही.' प्रत्येक शब्द खरा. घरी आलो. कधी नव्हे इतका थकलोय.

१३ ऑक्टोबर
शमिका सकाळी गेली. दुपारी नोंदी जपून ठेवताना तीन नंबरची दोन्ही संदर्भचित्रं शेजारी उघडली. सवय, दुसरं काही नाही.

सात तारखेच्या चित्रात आठ खोडं.
नऊ तारखेच्या चित्रात सात.

पट्टा म्हणजे बाष्प नव्हतं. जे आधी होतं आणि मग नव्हतं, त्याची ती रिकामी जागा. दाट केसांच्या जनावराचा बाहेरचा भाग हवेइतकाच गार असू शकतो, हे मला माहीत होतं. खोडाइतकाच गार. मी कॅमेरा लावला तेव्हा ते समोर उभं होतं, आणि मी ते झाड समजून वजा केलं.

लिंडनरला फोन केला. तो लगेच वसतिगृहामागे जाऊन खोडं मोजून आला. सात, म्हणाला. आणि तोडलेल्या झाडाचा बुंधाही नाही.

१४ ऑक्टोबर, दुपारी पावणेचार
सकाळी कार्यालय उघडताच गेमाइंडला कळवलं, सही मागे घेतो. तिथल्या बाई सौम्यपणे म्हणाल्या की वाट कालच उघडली, मुलं खूश आहेत, हवं तर लेखी पाठवा, आठवड्यात बघू. वर्गशिक्षिकेचा फोन बंद. शमिकाचाही. सहलीत मुलांना फोन दिवसातून एकदाच मिळतो, चार ते साडेचार.

लिंडनर वसतिगृहाकडे निघालाय. स्वरूपाला सांगितलं. ती हसली नाही. गाडी मागायला शेजारी गेलीय.

चार वाजून सहा मिनिटं
शमिकाचा फोटो आला. वसतिगृहामागे, नवी लाल टोपी, झाडाला टेकून हसतेय. खाली जर्मनमध्ये: बाबा, झाड किती मऊ आहे.

खोडं मोजली. दोनदा.
आठ.

फोन लावतोय. वाजतोय — उचलत नाही —

दुसरा फोटो. तिच्याच फोनवरून. तिनेच पाठवलाय, की — टोपी जमिनीवर. खोडं सात. आणि हा फोटो फार उंचावरून —