आधी गाडीचं होऊ दे

२ तारीख, सोमवार
ही आज सकाळच्या बसने गेली. बँकेने बढती दिली आणि सोबत बदली चिकटवली. तिकडची शाखा आता हिच्या हाताखाली, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. सामान न्यायला वीस तारखेला येईल. तोवर मी एवढंच सांगायचं, की तिच्याबरोबर राहायला येणार की इथेच राहणार. म्हणाली, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण मला अधांतरी ठेवू नका.

रास्त आहे. व्हीआरएस घेतल्यापासून मला अडवणारं आहे कोण? पण जायचं कशातून? आपली निळी गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून पार विटलीय. मॅनेजरबाई असल्या गाडीतून उतरणार? छे! आधी गाडीचं होऊ दे. निर्णयाला काय, पाच मिनिटं लागतात.

४ तारीख
खरेदी. शाम्पू, रबिंग कंपाउंड, पॉलिश, वॅक्स, मऊ फडकी. क्रम पाठ केला: धुवा, घासा, चमकवा, वॅक्सने झाका. दुकानदाराने विचारलं, तुमचं गॅरेज आहे का. नाही म्हणालो, पण जरा वेळ घेऊन.

५ तारीख, संध्याकाळ
बॉनेटचा एक कोपरा केला, ताटाएवढा. आरसा! त्यात माझं नाकसुद्धा बरं दिसलं. हिला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, ठरलं का. म्हणालो, हा कोपरा बघितल्यावर आता ठरवायचं काय उरलं? ती म्हणाली, म्हणजे हो की नाही? तेवढ्यात दूध उतू गेलं. (दूध नव्हतं. चहाचं आधण होतं.)

७ तारीख
घोटाळा. परवापर्यंत गाडी सगळीकडून सारखीच वाईट होती, कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हती. आता कोपरा लखलखतोय आणि बाकी गाडी त्याची मोलकरीण वाटते. म्हणून सगळं बॉनेट केलं. आता दारं भिकारी दिसतात. दारं केली की छप्पर. एकदा सुरू केलं की सुटका नाही, हे डब्यावर का छापत नाहीत?

९ तारीख
फडकं हातातून जमिनीवर पडलं. झटकलं आणि पुन्हा कामाला लागलो. रुमाल पडला तर आपण फेकून देतो का?

१० तारीख, सकाळी
मेलो.

ऊन आलं आणि बॉनेटभर बारीक गोल गोल ओरखडे दिसले, कोळ्याने रात्रभर राबून जाळं विणावं तसे. फडक्याला वाळू लागली असणार. खालच्या मजल्यावरचे कर्नल (सैन्यात कधीच नव्हते, मिशी तेवढी आहे) येऊन म्हणाले, हात दाखवून अवलक्षण! मी म्हणालो, हे ओरखडे मुळातच होते, पॉलिशने फक्त उघड केले. ते म्हणाले, हो का.

सहज बादलीभर पाणी मारलं. ओरखडे गायब! गाडी शोरूममधून आल्यासारखी. आनंदाने कर्नलना हाक मारली. ते चपला घालून येईपर्यंत वाळली. पुन्हा जाळं.

११ तारीख
हिचा फोन. मागच्या खोलीतून डोंगर दिसतो म्हणे. तुम्हाला आवडेल, म्हणाली. मी म्हणालो, वॅक्स कडक उन्हात लावायचं नसतं, असं डब्यावर लिहिलंय. तिने विचारलं, जेवलात का.

१२ तारीख
वॅक्स कडक उन्हात लावलं, कारण सकाळी डोळाच उघडला नाही. वाळून प्लास्टर झालं. नखांनी खरवडतोय. काळ्या बंपरवर पांढरे डाग बसले, ते जन्मात जाणार नाहीत. पाठ गेली, कंबर गेली, नखं गेली. गाडीचं तेवढं काही जात नाही.

आठ दिवस उरले. निर्णय उद्या नक्की.

१४ तारीख
कर्नल म्हणाले, हाताने कसलं घासताय, मशीन आणा. भाड्याने आणलं. दहा मिनिटं स्वर्ग. ओरखडे खरंच जात होते! मी शीळ घालत होतो. मग बॉनेटच्या कडेवर मशीन जरा रेंगाळलं. निळा रंग गेला, खालचा राखाडी वर आला. हातभर लांब.

मी तिथेच फरशीवर बसलो. रडू आलं, खोटं कशाला लिहू. कर्नल म्हणाले, तरी मी सांगत होतो. हे कधी सांगत होते?

१५ तारीख
हिचे दोन फोन आले, घेतले नाहीत. मग मेसेज केला, बाजारात होतो.

तिकडे मला ओळखतं कोण? इथे कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा साहेब म्हणतो. तिकडे मॅनेजरबाईंचे मिस्टर. पिशवी घेऊन भाजी आणणारे मिस्टर. अर्थात त्याचा इथे काही संबंध नाही. प्रश्न रंगाचा आहे.

१७ तारीख
टच-अपची बाटली आणली. निळा म्हणून दिला, लागला जांभळा. राखाडी पट्ट्यावर जांभळा पट्टा. आगीतून फुफाट्यात. पेंटरच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, बॉनेट पूर्ण रंगवावं लागेल, चार दिवस गाडी ठेवा. चार दिवस कुठून आणू?

वर हिचा मेसेज: टेम्पो लवकर मिळाला, एकोणीसलाच येते.

१९ तारीख, दुपार
योजना चोख होती. गाडी सावलीत, जांभळी कड भिंतीकडे, मी पाइप घेऊन उभा. ही फाटकातून आत आली की पाणी सुरू. तसंच केलं. गाडी झळाळत होती. म्हणालो, बघ!

तिने बघितलं. भिंतीच्या बाजूला जाऊनही बघितलं. मी ओरड्याची वाट बघत होतो. तिने फक्त विचारलं, ठरलं का.

मी म्हणालो, पेंटर चार दिवस म्हणतोय.

ती वर गेली. हमालांनी खोकी उतरवली. शेवटी टेम्पोवाल्याने माझ्या लिहायच्या टेबलाकडे बोट करून विचारलं, हे घ्यायचं का. हिने माझ्याकडे बघितलं. मी पाइप गुंडाळत होतो. मग तीच त्याला म्हणाली, राहू दे.

रागावली असती तरी चाललं असतं. तिने गाडीची किल्ली मागितली. म्हणालो, अगं अशी नेतेस? लोक काय म्हणतील? ती म्हणाली, मला तिकडे गाडी लागणार आहे हो, रंग नाही. फ्रिजमध्ये भाजी चिरून ठेवलीय, आजच संपवा, असंही म्हणाली. गाडी वळेपर्यंत मी ओरडून सांगत होतो, दोन दिवस धुऊ नकोस.

२० तारीख
सकाळी कर्नलनी विचारलं, गाडी दिसत नाही. म्हणालो, ही पुढे गेलीय, मी मागून जातोय. कधी, म्हणाले. या माणसाला भारी चौकशा.

संध्याकाळी हिचा फोन. पोचले म्हणाली, सामान लावतेय. मी दिवसभर बसून ठरवलं होतं. हो म्हणायचं. ती विचारेल आणि मी लगेच हो म्हणेन, एक शब्द.

तिने विचारलंच नाही. मी थांबलो, तीही थांबली. शेवटी मीच म्हणालो, तिकडे ऊन कसं आहे?

बरंय, म्हणाली. ठेवते आता.