डाव्या कडेचे ठिपके

५ ऑक्टोबर, रविवार
पुन्हा ठिपके! मसाटच्या छापखान्यात, वेफर्सच्या पिशव्या छापायच्या मशीनवर, महिनाभर दर रविवारी आम्ही सौरपट्टी छापतोय — प्लास्टिकच्या फिल्मवर पॉलिमरची शाई, ऊन पडलं की वीज. शाई उत्तम, फिल्म उत्तम. आणि डाव्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं! त्यातून हवा शिरते, चार दिवसांत पट्टी मरते.

मशीनवर दसऱ्याची हळद, नारळाचं पाणी! शाई ओली असते तिथेच उभी राहून ऑपरेटर सुकदेवला विज्ञान म्हणजे काय ते सांगितलं. मशीनच्या आवाजात ऐकू जाईना, म्हणून मास्क खाली ओढून सांगितलं. तो म्हणतो, "मॅडम, पूजा गुरुवारी झाली. ठिपके तर गणपतीपासून आहेत ना!"

हजरजबाबी माणसं मला आवडतात. आज नाही आवडली.

७ ऑक्टोबर
मालक मधुकरशेठ फोनवर: "ताई, एकोणीसला शेवटचा रविवार. नंतर माझंच काम मशीनवर मावत नाही." आणि दुधनीत सगळ्या गावासमोर मी दिलेला शब्द? थंडीत वाचनालयातली मुलं आमच्या पट्टीच्या उजेडात वाचतील म्हणाले होते!

१२ ऑक्टोबर, रविवार
डावीकडचा रबरी रोलर बदलला. तरी ठिपके. तरी डावीकडेच! मोजमाप बघणारी वैशाली मायक्रोस्कोपमधून मान वर न करता म्हणते, "कसले तरी शिंतोडे वाटतात." कसले? छत कोरडं ठणठणीत आहे! मशीनपाशी उभी राहून सगळ्यांना झापलं — कुणाचा मास्क नाकाखाली, कुणाच्या हातात मोजे नाहीत. नियम मी स्वतः लिहून भिंतीवर लावलेत. वाचतो कोण?

१६ ऑक्टोबर
दुधनी. पट्टी तयार नाही हे तोंडावर सांगायला गेले होते. वाचनालयाला स्वतःची खोली देणाऱ्या केसरबाईंनी मध्येच तोडलं, "बोलतेस चांगली गं बाय. दिवा कधी लागंल?" त्यावर दीड तास बोलले, माइकशिवाय. ऊन कुणाच्या बापाचं नाही, इथपासून सुरुवात. टाळ्या पडल्या. दिव्याचं उत्तर राहिलं.

१८ ऑक्टोबर
घसा पार बसला. डॉक्टर म्हणाले, एक शब्द काढायचा नाही. आणि उद्या शेवटचा रविवार!

१९ ऑक्टोबर, रविवार
दिवसभर खुणांवर काम. मास्क एकदाही खाली आला नाही. सुकदेव: "आज मशीन लई शांत चाललं, मॅडम." डोळे वटारले. तेवढंच जमण्यासारखं होतं.

संध्याकाळी रीळ उलगडलं. एक ठिपका नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत — एकही नाही!

वैशालीने शेजारी जुन्या पट्ट्या मांडल्या. डावी कड. मशीनच्या त्या बाजूला एकच माणूस उभं राहतं. बोलायला.

मी मास्क नाकावर आणखी वर ओढला.

२६ ऑक्टोबर, रविवार
आठवडा झाला, पट्टी तेवढीच वीज देते आहे. मधुकरशेठनी आणखी दोन रविवार दिले.

आवाज मंगळवारीच परत आला. अजून कुणाला सांगितलेलं नाही.