रिकामा मिक्सर

रत्नागिरी, मंगळवार संध्याकाळ

संगीताची जन्मठेप टळली. नवरा तिच्याच हातून गेला, पण त्याआधीची मारहाण कोर्टानं लक्षात घेतली आणि शिक्षा कमी केली. तिची वकील म्हणून मी खूश असायला हवं ना?

सरकारी वकील विचारत होते, एवढी मारहाण होती तर शेजाऱ्यांना कधीच ऐकू कसं आलं नाही? तेव्हा तिची सासू साक्षीला उभी राहिली. मेलेल्याची आई! "माजाच पोर तो, साहेब. हिला मारायला लागला की मी मिक्सर लावायची. रिकामाच. शेजाऱ्यांना ऐकू जायला नको म्हणून. आता वाटण पाट्यावर करते."

रिकामा मिक्सर. इतकी वर्षं! तिच्यामुळेच शिक्षा कमी झाली, आणि मला मात्र तिला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

पोलीस नेत असताना संगीता सासूपाशी थांबली. वाटलं, आता बोलेल. बोलली. "आई, पाट्यावर नका वाटू. खांदा दुखतो तुमचा."



आत्ता शेजारी मिक्सर लागलाय. बराच वेळ झाला. एवढं काय वाटताहेत? विरजण मागायच्या निमित्तानं जाऊन येते.