ती ओळ मी काढणार नाही

ती. मामांना,

नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण आमच्या वर्कशॉपच्या फरशीवर कायम खिळे सांडलेले असतात, म्हणून उभ्यानेच घालते, गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? आई बरी आहे. मीही बरी आहे, आणि तुमचा ईमेल आल्यापासून जरा जास्तच बरी आहे, कारण राग आला की मला भूक चांगली लागते. हो, राग आलाय. समोर आलात की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून लिहितेय, आणि तेही हातानं, कागदावर. एवढं सगळं फोनवर लिहिलं तर अंगठा कामातून जाईल, आणि मला अंगठ्याचं बरंच काम असतं.

तर तुमचं म्हणणं असं, की माझ्या प्रत्येक ईमेलच्या तळाशी 'माझ्या मोबाईलवरून पाठवले' अशी ओळ येते ती शोभत नाही. नव्या ताटलीवरचं दुकानाचं लेबल न काढता तीच पाहुण्यांपुढे ठेवावी तसं दिसतं. शिवाय फोनच्या कंपनीची फुकट जाहिरात होते. (कंपनीचं नाव त्या ओळीत नाहीच, मामा. मी पुन्हा पुन्हा बघितलं.) इथपर्यंत मी ऐकून घेतलं असतं. मला ऐकून घ्यायची सवय आहे. पण पुढे तुम्ही लिहिलंत, की जिथे एवढी साधी रीत शिकवत नाहीत तिथे पोरीनं राहायचं कशाला, रविवारी येतो आणि तुला घेऊनच जातो, माझ्या मित्राच्या ऑफिसात स्वागताच्या टेबलावर जागा आहे. स्वागताच्या टेबलावर! मला! मामा, आमच्या दाराची बेल वाजली की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहते, हे तुम्हाला माहीत आहे. वर्गात उभं राहून धडा वाचायचा म्हणून मी शाळा सोडली, हेही माहीत आहे. आणि आई काय म्हणाली सांगू? "शाळेच्या वेळी मी तुझं ऐकलं, आता मामा म्हणेल तसं." म्हणजे ही एक ओळ तळाशी राहिली म्हणून माझं वर्कशॉप सुटणार. असा न्याय मी तरी कुठे बघितला नाही.

आता राग आलाच आहे तर तुमच्या ईमेलबद्दलही बोलते. मागे मी विचारलं होतं, पोहोचलात का. तुमचं उत्तर आलं, 'हो.' आणि त्या 'हो'च्या खाली तुमचं पूर्ण नाव, त्याखाली 'सेवानिवृत्त', त्याखाली ज्या ज्या खुर्च्यांवरून सेवानिवृत्त झालात त्या सगळ्या, मग सोसायटीचं सचिवपद (ते गेल्या वर्षी दुसऱ्या काकांकडे गेलं असं मामी म्हणत होत्या), मग दोन फोन नंबर, त्यातला एक बंद, आणि सगळ्यात शेवटी हिरव्या अक्षरात 'हसत राहा'. मामा, तुम्ही स्वतः कधी हसलेले मी बघितलेले नाही. तुमचा 'हो' शोधायला मला वरपर्यंत यावं लागलं. आणि मी एक ओळ ठेवली तर वाईट दिसतं!

वर्कशॉपमध्ये काय शिकवतात तेही ऐका, म्हणजे रीत शिकवत नाहीत हा आरोप तरी जाईल. जुना सोफा आला की आधी त्याचं कापड सोलायचं, मग फोम, मग पट्ट्या, आणि खाली लाकडाचा सांगाडा उरतो तो उन्हात ठेवायचा. (सोफ्याच्या पोटात काय काय सापडतं! कंगवे, रिमोट, एकदा एक कवळी.) नवं कापड चढवताना बारीक खिळ्यांची मूठ तोंडात भरायची, जिभेनं एकेक खिळा ओठांपर्यंत आणायचा, हातोडीला लोहचुंबक असतं त्याला तो चिकटवायचा, आणि ठोकायचा. दोन्ही हात कापड ओढायला मोकळे. खिळे मारायचं मशीन आहे आमच्याकडे, पण आमच्या बाई, म्हणजे मालकीणबाई, म्हणतात की जुनं लाकूड मशीनला घाबरतं. मला त्या लाकडाचं पटतं. आणि मामा, यातली सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या लक्षात आली का? तोंडात खिळे असताना कुणीही तुम्हाला काही विचारत नाही. विचारलं तर मान हलवली की पुरतं. जगात अशी दुसरी नोकरी असेल तर दाखवा. इथे मला सगळे गप्पू म्हणतात, पण प्रेमानं म्हणतात, आणि त्यांच्याही तोंडात खिळे असतात म्हणून फार वेळा म्हणत नाहीत.

ईमेलचं काम बाईंनी मला दिलं, कारण त्यांचे हात दिवसभर गोंदाचे असतात. फोन मात्र माझाच, म्हणजे तुम्ही दिलेला जुना (तो आता माझा की अजून तुमचाच, हे एकदा ठरवून टाका). 'निळं कापड आलं का?' 'आलं.' 'सोफा कधी?' 'शुक्रवारी.' एवढंसं लिहायला मला किती वेळ लागतो हे कुणाला सांगू नका. लिहिते, खोडते, परत लिहिते. आणि सगळ्यात अवघड शेवट. कुणाच्या घरून निघताना मी दारात कशी अडकते, 'येते हं, येते, बरं येते मग', आणि चप्पल सापडत नाही, तसंच पत्राच्या शेवटी होतं. आपली नम्र लिहू? नुसतं कळावे लिहू? नाव लिहू? (नाव लिहायला मला अजून धीर होत नाही.) तिथे ती ओळ आपली आपण येते आणि मला हाताला धरून बाहेर काढते. मी लिहिलेली नाही, मी मागितलेली नाही, आणि खोटी तर मुळीच नाही. मोबाईलवरूनच पाठवते मी. फोमच्या ढिगावर बसून, एका हातानं. 'आपला विश्वासू' लिहिणाऱ्या किती जणांनी बाईंचे सोफे नेऊन परत तोंड दाखवलं नाही!

पण तुम्ही मला लिहून थांबला नाहीत, बाईंनाही लिहिलंत. बाईंनी ते भर वर्कशॉपमध्ये मोठ्यानं वाचलं. 'ताटलीवरचं लेबल' आलं तसे सगळे हसायला लागले, आणि तोंडात खिळे असताना हसणं म्हणजे जीवाशी खेळ, त्यामुळे बाईंनी काम थांबवून सगळ्यांना आधी खिळे थुंकायला लावलं. मग बाई म्हणाल्या, "एवढे मोठे साहेब म्हणतायत तर काढ गं ती ओळ. आपण चांगली टाकू." आणि त्यांनी 'चांगली' सांगितली ती मी मुकाट्यानं भरली. 'ग्राहक संपर्क प्रमुख', मग दुकानाचं नाव, पत्ता, वेळ, माझा फोन नंबर, आणि शेवटी बाईंच्या डोक्यातून आलेलं 'तुम्ही बसा, आम्ही आहोत.'

मामा, नंबर दिला की लोक फोन करतात, हे तुमच्या लक्षात आलं नाही? फोन वाजायला लागला. मी उचलायचे आणि श्वास घ्यायचे. पलीकडून 'हॅलो, हॅलो', इकडून माझा श्वास. एका बाईंनी तर पोलिसात देईन म्हणून दम दिला.

मग आले दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात पेशंट बसतात तो सोफा आमच्याकडे आला होता, आणि माझा त्यांच्याशी बरेच दिवस 'आलं का'-'आलं' असा व्यवहार चालला होता. ईमेलच्या तळाशी ही नवी सही गेल्याबरोबर त्यांचं उत्तर आलं, 'माननीय प्रमुख महोदय'. मी मागे वळून बघितलं. पुढे लिहिलं होतं, की यापूर्वी आपल्याकडून कुणीतरी मोबाईलवरून उत्तर देत असे, थोडक्यात आणि समजेल असं. त्या व्यक्तीला आपण काढून टाकलं असल्यास माझी नाराजी नोंदवावी. मी ते वाचलं आणि फोमवर बसूनच राहिले. माझ्यासाठी कुणी भांडत होतं, आणि तेही माझ्याशीच! उत्तर काय देणार? मी दिलंच नाही. म्हणून ते स्वतः आले.

मी तेव्हा त्यांच्याच सोफ्याखाली होते, उताणी, तोंडभर खिळे. त्यांनी वाकून विचारलं, "प्रमुख कुठे आहेत?" मी स्वतःकडे बोट केलं. "आणि आधी लिहायची ती मुलगी?" परत स्वतःकडे. "मग बोलत का नाही?" मी तोंडाकडे बोट केलं. आता दातांच्या डॉक्टरला तोंडाकडे बोट दाखवल्यावर काय होणार! ते तिथेच गुडघ्यावर बसले, खिशातून बारकी बॅटरी काढली आणि म्हणाले, "आ करा." मी केला. ते बराच वेळ आत बघत राहिले. "हे कधीपासून आहे?" एवढंच म्हणाले.

तेवढ्यात मागून बाई म्हणाल्या, "साहेब, तिच्या मामांनी ओळ काढायला सांगितली, ती बिचारी काय करणार." आणि मामा, मला काय झालं माहीत नाही. बिचारी म्हटलं म्हणून असेल. मी सोफ्याखालून बाहेर आले, खिळे हातावर काढले आणि सगळ्यांसमोर, अनोळखी माणसासमोर, वर्गात कधी निघाला नाही अशा आवाजात म्हटलं, "ती ओळ माझी आहे. मी ती परत टाकणार आणि परत काढणार नाही. आणि मी कुठेही जाणार नाही." बाई म्हणाल्या, "मग टाक की. ओरडतेस कशाला?"

तर टाकली. त्याच दिवशी. प्रमुख गेले, 'तुम्ही बसा' गेलं, फोन नंबर गेला, आता कसं शांत आहे. तुम्ही मोठे आहात, माझ्या भल्याचंच बघता, हे सगळं मान्य. पण ओळ राहणार आणि मीही राहणार. मामींना नमस्कार, गुडघ्याला शेक द्या.

तुमची भाची

ता. क. पाकिटात एक दुमडलेला कागद आहे. बाई मला रीतसर शिकाऊ कारागीर म्हणून घेतायत, म्हणजे पुढची खुर्ची सांगाड्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत मी एकटी करणार. मी अजून अठराची नाही, म्हणून घरच्या मोठ्या माणसाची सही लागते, आणि आई पेन हातात घ्यायला तयार नाही, मामानं आधी करू दे म्हणते. खरं तर हे पत्र त्यासाठीच आहे, राग मध्येच आला. रविवारी येताना तेवढी सही करून आणा. जागा कमी आहे, नुसतं नाव चालेल.

ता. क. २. डॉक्टर म्हणाले की खिळ्यांनी माझ्या पुढच्या दाताला खाच पडलीय. हे आईला सांगू नका. खाचेत खिळा छान बसतो.

ता. क. ३. रविवारी तुम्ही समोर बसून विचाराल, "मग काय ठरलं?" आणि मी मान खाली घालून गप्प उभी राहीन. तुम्हाला वाटेल, पोरगी तयार झाली. अजिबात नाही. मी गप्प असले तरी आतून हे सगळं पत्र म्हणत असेन. खात्री करायची असेल तर मामींना विचारा. त्याही तुमच्यासमोर गप्पच असतात.